शुक्रावर बलून किती दिवस टिकेल? टेफ्लॉन बघायच्या आधी घडी आणि शिवण बघ

तुझा प्रश्न असा आहे की शुक्राच्या ढगांत सल्फ्युरिक ॲसिड आहे हे मान्य, पण टेफ्लॉनला ॲसिड काही करत नाही, मग टेफ्लॉनचा बलून तिथे शंभर दिवस आरामात का राहू नये, आणि १९८५ साली सोव्हिएत युनियनने सोडलेले दोन बलून दोनच दिवस चालले म्हणजे ते फसले असं समजायचं का. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून हा विषय घेतलास याचा मला खरंच आनंद झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी पंचवीसेक वर्षं उंचावर जाणाऱ्या संशोधनाच्या बलूनवर काम केलंय, त्यातली बरीचशी वर्षं फिल्म, म्हणजे बलूनचं पातळ प्लास्टिक, तपासणं आणि तिचे तुकडे जोडून सील मारणं यातच गेली, त्यामुळे माझं उत्तर सीलिंगच्या टेबलावरून आलेलं असणार हे आधीच धरून चाल.

आधी दुसऱ्या भागाचं सांगतो कारण ते सरळ आहे. ते बलून अजिबात फसले नाहीत. वेगा-१ या सोव्हिएत यानाचा बलून ११ जून १९८५ ला आणि वेगा-२ चा १५ जूनला शुक्राच्या वातावरणात उघडला, दोन्ही टेफ्लॉनचे, साधारण साडेतीन मीटर व्यासाचे, आत दोन किलोच्या आसपास हेलियम, खाली तेरा मीटर दोरीला लटकवलेली सात किलोची उपकरणांची पेटी, सगळं मिळून वजन साडेएकवीस किलो. जमिनीपासून ५४ किलोमीटरच्या आसपास ते तरंगले, जिथे दाब आपल्या समुद्रसपाटीच्या निम्मा आणि तापमान पुण्यातल्या मार्चमधल्या दुपारीसारखं, म्हणजे तीस-पस्तीस अंश. ४६ तास सिग्नल आला, जगभरातल्या वीस-एक मोठ्या अँटेना ते पकडत होत्या, आणि तेवढ्यात प्रत्येक बलून वाऱ्याबरोबर अकरा हजार किलोमीटरच्या वर वाहत गेला. मग बॅटरी संपली. बलून फुटला म्हणून नाही, बॅटरी संपली म्हणून आवाज बंद झाला, त्यानंतर ते बिचारे अजून किती दिवस तरंगत होते हे सांगायला कोणी उरलंच नव्हतं.

ही कल्पना मुळात फ्रान्सच्या झाक ब्लामाँ यांची. हेच ते शास्त्रज्ञ ज्यांचं सोडियम वाफेचं पेलोड, म्हणजे रॉकेटने वर न्यायचं उपकरण, २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून उडालेल्या आपल्या पहिल्या रॉकेटवर होतं, म्हणजे भारताच्या अवकाश कार्यक्रमाच्या पहिल्या दिवसाशी जोडलेला माणूस आणि शुक्रावर बलून सोडायचा हट्ट धरणारा माणूस एकच. मला ही गोष्ट फार आवडते म्हणून सांगितली.

पण या यशातून एक चुकीचा निष्कर्ष निघतो आणि तूही तोच काढलायस, की टेफ्लॉनने दोन दिवस काढले म्हणजे शंभरही काढेल. जरा गणित कर. वेगाच्या बलूनना वारा मिळाला सेकंदाला साधारण ६९ मीटर. शुक्राचा त्या उंचीवरचा परीघ ३८ हजार किलोमीटरच्या थोडा वर. म्हणजे एक फेरी पुरी व्हायला सहा-साडेसहा दिवस लागतात. वेगाचे बलून रात्रीच्या बाजूला सोडले होते आणि ते उजेडाकडे वाहत गेले, एक तृतीयांश फेरीसुद्धा झाली नाही. म्हणजे एक अख्खी रात्र, एक अख्खा दिवस आणि परत रात्र असं पूर्ण चक्र त्यांनी बघितलंच नाही. आणि बलूनला दमवतं ते हे चक्रच.

का ते सांगतो. बलूनचे ढोबळ दोन प्रकार. एक झिरो प्रेशर, खालून उघडा, दिवसा गॅस तापून फुगला की जास्तीचा बाहेर पडतो, रात्री गॅस थंड होऊन आकसला की बलून खाली यायला लागतो, मग वाळू नाहीतर लोखंडाचे छर्रे टाकून वजन कमी करायचं. दर सूर्यास्ताला एकूण वजनाच्या सहा-आठ टक्के टाकावे लागतात, त्यामुळे चार-पाच दिवसांत टाकायला काही उरतच नाही. अंटार्क्टिकात उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही म्हणून तिथे हेच बलून महिना-दीड महिना चालतात, २०१२-१३ मध्ये सुपर-टायगर नावाचं पेलोड ५५ दिवस राहिलं होतं, बलून तोच, फक्त रात्र नव्हती. दुसरा प्रकार सुपरप्रेशर, चारी बाजूंनी बंद, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कायम थोडा जास्त, त्यामुळे आकार बदलत नाही आणि आकार बदलत नाही म्हणून उंची बदलत नाही. वेगाचे हे असे होते. यात गॅस वाया जात नाही, पण दिवस-रात्रीचा सगळा मार फिल्मला खावा लागतो.

किती मार? समजा बाहेर दाब ५०,००० पास्कल आणि गॅस ३०० केल्विनला आहे. उन्हात आतला गॅस वीस अंशांनी तापला तर दाब ३,३०० पास्कलच्या आसपास वाढतो. रात्रीसाठी तू आधीच ३,००० पास्कल जास्तीचा दाब ठेवला असशील तर दिवसा तो दुपटीच्या वर जातो. आणि ऊन हे एकटं कारण नाही. तिथे वर-खाली जाणारे हवेचे झोत आहेत, वेगा-२ चा बलून शुक्रावरच्या ॲफ्रोडाइट नावाच्या डोंगराळ भागावरून जाताना चांगलाच खाली ओढला गेला होता आणि परत वर आला. खाली ओढला गेला की बाहेरचा दाब वाढून बलून सैल पडतो. त्याच्या उलट एखाद्या झोताने एक किलोमीटर वर फेकला तर बाहेरचा दाब पंधरा टक्क्यांच्या आसपास घटतो, गॅस थोडा थंड होतो तेवढं वजा केलं तरी फिल्मवर सहा-एक हजार पास्कल जादा येतात. उन्हापेक्षा हे जास्त झालं. म्हणून तुझ्या प्रोजेक्टमध्ये फक्त सूर्याची उष्णता धरून ताण काढला असशील तर तो आकडा कमी आहे, झोत धरून परत काढ.

गोल बलूनचा ताण काढायचा सोपा हिशोब म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले दोन. वेगाच्या बलूनएवढा बलून आणि ३,००० पास्कल धरले तर एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीला पावणेतीन किलोच्या आसपास वजन टांगल्यासारखा ताण येतो. हाच बलून बारा मीटर व्यासाचा केला की तेवढ्याच दाबाला ताण नऊ किलोवर जातो. बलून मोठा करावा तशी फिल्म जाड करावी लागते, फिल्म जाड केली की वजन वाढतं, वजन वाढलं की बलून अजून मोठा लागतो, आणि शेवटी नाकापेक्षा मोती जड. सगळे मोठे सुपरप्रेशर बलून म्हणूनच भोपळ्याच्या आकाराचे करतात, ताण दोऱ्यांनी घ्यायचा आणि फिल्मने दोन दोऱ्यांच्या मधे फुगून फक्त गॅस धरायचा.

आता ॲसिड. इथे तू म्हणतोस ते अर्धं बरोबर आहे. टेफ्लॉनला सल्फ्युरिक ॲसिड काही करत नाही हे खरंच. पण टेफ्लॉनच्या दोन खोडी आहेत. पहिली म्हणजे तो ताणाखाली हळूहळू सरकत राहतो, आज ज्या ताणाला धरून आहे त्याच ताणाला महिन्याभराने लांबलेला दिसतो, म्हणून वजन पेलायचं काम त्याच्या पातळ फिल्मवर टाकता येत नाही. दुसरी जास्त वाईट, हेलियम त्याच्यातून झिरपतो. जत्रेत मिळणारा रबरी फुगा हेलियमचा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर असतो आणि वाढदिवसाचा चंदेरी फुगा आठवडाभर छताला चिकटून राहतो, बघितलं असशीलच. गाठ दोन्हीची घट्टच असते. फरक फिल्मचा, चंदेरी फुग्यावर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो आणि धातूतून हेलियम जवळजवळ जातच नाही. टेफ्लॉन या बाबतीत त्या रबरी फुग्याच्या बाजूचा आहे. दोन दिवसांच्या मोहिमेला ते चालून गेलं, शंभर दिवसांना चालणार नाही.

बरं मग दुसरं काही मजबूत घ्यावं तर ॲसिड आडवं येतं. मजबूत म्हटलं की सगळे केव्हलारचं, म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटातल्या धाग्याचं, नाव घेतात, तुझ्या यादीतही ते आहे. पण केव्हलारचा धागा कारखान्यात बनतो तोच मुळी तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळवून, म्हणजे शुक्रावर आपण त्याला परत त्याच्याच द्रावकात टाकणार. नायलॉन बाद. मायलर ही फिल्म आणि व्हेक्ट्रान हा मजबूत धागा, दोन्ही पॉलिएस्टरच्या घराण्यातले, ॲसिड आणि ओलावा मिळून त्यांच्या साखळ्या तोडतात. पॉलिथिलीन ॲसिडला बऱ्यापैकी दाद देत नाही पण ते मऊ, आणि ५० किलोमीटरवर तापमान पंचाहत्तर अंशांच्या आसपास आहे, तिथे ताणाखाली ते भरवशाचं नाही. एकच पदार्थ सगळं करेल असं नाहीच, म्हणून थर लावावे लागतात. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेत साधारण २००८ च्या सुमाराला ५.५ मीटर व्यासाचा नमुना बलून केला होता, त्यात ताकदीला व्हेक्ट्रानचं कापड, गॅस अडवायला मायलर, ऊन परतवायला धातूचा थर आणि सगळ्यात बाहेर ॲसिडसाठी टेफ्लॉन. दोन आठवडे फुगवून ठेवला तेव्हा मोजण्यासारखी गळती दिसली नाही. माझ्या मते शुक्रासाठी आजपर्यंत झालेलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम आहे, कारण प्रत्येक थराला एकच काम दिलंय.

पण एक लक्षात घे, आत व्हेक्ट्रान आणि मायलर आहेत म्हणजे टेफ्लॉनच्या थराला कुठे खरचटलं की ॲसिडला आत जायला वाट झाली. आणि खरचटायची जागा कुठली?

घडी! आमच्या घरी आईची एक जुनी जरीची साडी होती, ती दर वर्षी पावसाळा संपला की काढायची, उन्हाच्या कवडशात थोडा वेळ पसरायची आणि वेगळी घडी घालून परत ठेवायची. एकाच घडीत वर्षानुवर्षं राहिली तर जर घडीवरच मोडते आणि साडी तिथेच विरते, हे तिला कोणी शिकवायला लागलं नव्हतं. ग्रहावर जाणाऱ्या बलूनची हीच कथा. तो फुगवलेला जात नाही, एखाद्या बॅरलमध्ये दाबून भरलेला जातो, महिनोन्महिने तसाच राहतो, आणि घडी बदलायला कोणी नसतं. मग वातावरणात शिरताना हादरे, पॅराशूटचा झटका, आणि काही मिनिटांत टाक्यांमधून जोरात शिरणारा हेलियम, तेव्हा ती फिल्म वाऱ्यात वाळत घातलेल्या चादरीसारखी फडफडत उघडते. बलूनच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ तोच, आणि तो त्याच्या मोहिमेच्या पहिल्या मिनिटालाच येतो.

हे तुला हाताने बघता येईल. धातूचा थर दिलेली फिल्म घे, वेफर्सच्या पाकिटाची आतून चंदेरी असते तीसुद्धा चालेल. सपाट तुकडा अंधाऱ्या खोलीत टॉर्चसमोर धर, एकसारखा करडा अंधुक उजेड दिसेल. आता तो मुठीत चुरगाळ, उलगड, परत चुरगाळ, असं वीस-पंचवीस वेळा कर आणि परत टॉर्चसमोर धर. घड्या जिथे एकमेकींना कापतात तिथे चमकणारे ठिपके दिसतील, अमावास्येच्या रात्री आकाश दिसतं तसे. त्यातले बरेच नुसते धातूचा थर उडालेले असतात, काही मात्र आरपार भोकं असतात, आणि डोळ्याने कुठलं काय ते कळत नाही. दुहेरी घडीचा कोपरा, म्हणजे आडवी आणि उभी घडी एकत्र येते तो बिंदू, तिथे फिल्म दोन्ही दिशांनी एकदम वाकते आणि तिला सरकायला जागा नसते. आम्ही पॅकिंग करताना असे कोपरे टाळायला घडीत मऊ गुंडाळी ठेवायचो, जागा जास्त लागते पण ठेवायचोच.

भोक केवढं असलं तर चालतं हा पुढचा प्रश्न तू विचारशीलच म्हणून मीच हिशोब करून देतो, वेगाएवढा बलून धरून. आत-बाहेर ३,००० पास्कलचा फरक असताना हेलियम भोकातून सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास वेगाने निघतो, तो हलका आहे म्हणून इतका वेग. एक मिलिमीटर व्यासाचं एकच भोक असेल तर सुरुवातीच्या वेगाने दिवसाला जवळपास एक किलो हेलियम जाईल. आत आहेच मुळी दोन किलो! पण त्याच्याही आधी, पाच-सहा तासांतच, जास्तीचा दाब संपलेला असेल आणि बलून सैल पडलेला असेल. आता भोक ०.१ मिलिमीटरचं धर, केसाच्या जाडीएवढं. क्षेत्रफळ शंभर पट कमी, त्यामुळे तोच दाब संपायला पंचवीसेक दिवस लागतील. म्हणजे वेगाच्या बलूनला केसाएवढी दोन-चार भोकं असती तरी ४६ तासांत फारसं कोणाच्या लक्षातही आलं नसतं, आणि शंभर दिवसांच्या बलूनला त्यातलं एक भोकही परवडत नाही. तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर खरं तर या दोन आकड्यांत आहे.

मोठ्या बलूनमध्ये आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी असतो म्हणून त्याला थोडी सूट मिळते, पण त्याला शिवणी लांब असतात. शिवण म्हणतोय कारण आमच्यात सगळे सीललाच शिवण म्हणायचे, सुई-दोरा नसतो. बलून संत्र्याच्या फोडींसारख्या लांब पट्ट्यांचा बनतो, त्यांना गोअर म्हणतात, आणि दोन गोअर एकमेकांवर ठेवून तापलेल्या पट्ट्याने दाबून जोडतात. मोठ्या बलूनच्या सगळ्या शिवणी मिळून लांबी किलोमीटरमध्ये जाते. टेबल शंभर मीटरच्या वर लांब, त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक, बूट काढून मोजे घालून, हातात अंगठी-बांगडी-घड्याळ काही नाही, नखं कापलेली. नवीन मुलामुलींना मी पहिला आठवडा नुसता फिल्मवर हात फिरवायला लावायचो, डोळे मिटून. सवय झाली की वाळूचा एक कण फिल्मखाली असला तरी बोटाला कळतो.

एक प्रसंग सांगतो. पहाटे गॅस भरून सोडलेला बलून, छान चढत होता, आणि पंधरा-सोळा किलोमीटरच्या आसपास फाटला. आपल्या दक्षिण भारतावर त्या उंचीला तापमान उणे ऐंशीच्या खाली जातं, त्यामुळे पहिला संशय फिल्मवर आला की थंडीत ठिसूळ झाली असेल. रोलचे नमुने परत तपासले, फिल्म उत्तम होती. मग शेतातून गोळा करून आणलेले तुकडे आम्ही जमिनीवर मांडून दोन दिवस गुडघ्यावर बसून बघत होतो, फाट कुठून सुरू झाली ते शोधत. शेवटी सापडली, शिवणीच्या अगदी कडेला, जिथे सीलचा गरम पट्टा संपतो आणि साधी फिल्म सुरू होते. तिथे सुमारे हातभर लांबीत फिल्म किंचित जास्त तापून पातळ झाली होती. त्या दिवशी दुपारी वीज जाऊन आली होती आणि मशीन परत सुरू केल्यावर पट्ट्याचं तापमान स्थिर व्हायच्या आधीच काम पुढे चालू झालं होतं, टेबलावर मी होतो. त्यानंतर मशीन थांबलं की पहिला एक मीटर टाकाऊ फिल्मवर चालवायचा नियम आम्ही केला आणि तो तुकडा कायम माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला.

शुक्राच्या लॅमिनेटमध्ये, म्हणजे अशा थरांवर थर लावलेल्या फिल्ममध्ये, शिवण आणखी अवघड होते. टेफ्लॉनला काही चिकटत नाही, म्हणून तर तो तव्यावर लावतात, त्यामुळे वरून टेप मारायची तर आधी रसायनाने त्याचा पृष्ठभाग खरवडावा लागतो किंवा इतकं तापवावं लागतं की आतला मायलर वितळायची भीती. आणि गोअर कापला की त्याची कड उघडी पडते, कडेला व्हेक्ट्रानच्या धाग्यांची टोकं दिसतात. कंदिलाची वात रॉकेल वर ओढते तसे ते धागे ॲसिड आत ओढू शकतात. वरच्या टेपची कड एका जागी जरी सुटली तरी ॲसिड धाग्याधाग्याने शिवणीच्या आतून पुढे जाणार, बाहेरून टेफ्लॉन चकचकीत दिसत असताना. मी शुक्राच्या बलूनचा कुठलाही पेपर हातात घेतला की आधी शिवणीचं चित्र शोधतो, आणि बऱ्याचदा ते नसतंच.

तुला वाटेल मी माझ्या कामाचं जरा जास्तच कौतुक करतोय. २०२३ चं उदाहरण बघ. न्यूझीलंडमधल्या वानाका इथून नासाने त्या वर्षी दोन सुपरप्रेशर बलून सोडले, दोन्ही एकाच डिझाइनचे, फुगल्यावर पाच लाख घनमीटरच्या वर आकारमान. एप्रिलमध्ये सोडलेला, सुपरबिट दुर्बीण घेऊन गेलेला, चाळीस दिवसांच्या आसपास राहिला आणि दक्षिण गोलार्धाला फेऱ्या मारून अर्जेंटिनात उतरवला. मे महिन्यात सोडलेल्या दुसऱ्याला गळती लागली आणि दीड-एक दिवसात तो पॅसिफिकमध्ये उतरवावा लागला. वातावरण आपलंच, ॲसिड नाही, सात महिने बॅरलमध्ये घडी घालून ठेवलेला नाही, माणसांनी जमिनीवर काळजीपूर्वक फुगवलेला. तरीही चाळीस दिवस आणि दीड दिवस. म्हणून कोणी मला ‘हा बलून शंभर दिवस टिकेल’ असं सांगितलं की मी विचारतो, असे किती बनवून किती वेळा फुगवून बघितलेत.

बाकीच्या ग्रहांचं तू विचारलं नाहीस पण तुलना केली की शुक्र जास्त नीट कळतो. मंगळावर हवा इतकी विरळ की एक घनमीटर बलून पंधराएक ग्रॅम उचलतो, आपल्याकडे तोच एक किलो उचलतो. म्हणजे फिल्म काही मायक्रॉनचीच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवी, नव्वदच्या दशकात फ्रान्स-रशियाच्या मंगळाच्या बलूनसाठी सहा मायक्रॉनची ठरली होती, आणि इतकी पातळ फिल्म पॅराशूटखाली लटकत असताना फुगवायची. ती मोहीम झालीच नाही. आपल्याकडे टीआयएफआरच्या, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, हैदराबादच्या बलून केंद्राने चार मायक्रॉनच्याही खालच्या फिल्मचे बलून उडवलेत, तेव्हा पातळ फिल्म हाताळणं माणसाला जमतं, पण ते जमिनीवर, हलक्या हाताने.

शनीचा चंद्र टायटन मात्र माझा लाडका आहे. उणे १७९ अंश, नायट्रोजनची हवा, आणि ती पृष्ठभागाजवळ आपल्या हवेच्या चौपट दाट. इतक्या थंडीत हेलियम फिल्ममधून झिरपायचा जवळजवळ थांबतो. त्याहून मजा म्हणजे तिथे हेलियमही लागत नाही, किरणोत्सारी प्लुटोनियमच्या वीजपेटीची दोन-एक हजार वॅट उष्णता वाया जाते तीच आत सोडली तर साडेदहा मीटरचा गरम हवेचा बलून तरंगू शकतो, २००८-०९ मध्ये नासा आणि युरोपच्या एजन्सीने मिळून त्याचा अभ्यास केला होता. खालून उघडा, आतही तीच हवा, बाहेरही तीच. असल्या बलूनला बारीक भोकाने काही बिघडत नाही! दाबाचा फरकच जेमतेम आहे. तिथे अडचण एकच, फिल्म त्या थंडीत काचेसारखी तडकायला नको. टायटनला आता ड्रॅगनफ्लाय हे पंख्यांचं यान जाणार आहे, ते उत्तमच आहे, पण बलूनचा विचार कोणी सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

परत शुक्रावर येतो. सध्या जेपीएल ज्या बलूनवर काम करतंय त्यात बलूनच्या आत बलून आहे, आतला मजबूत आणि दाबाचा, बाहेरचा सैल. हेलियम आतून बाहेर सोडला की बलून वर जातो, पंपाने परत आत भरला की खाली येतो, साधारण ५२ ते ६२ किलोमीटरच्या मधे. जुलै २०२२ मध्ये नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात एक तृतीयांश आकाराच्या नमुन्याची दोन उड्डाणं झाली. टिकाऊपणाच्या दृष्टीने मला यात आवडतं ते असं की दाब सोसणारा बलून आत सुरक्षित आहे, ॲसिड त्याच्यापर्यंत पोचायला आधी बाहेरचा पार करावा लागेल, आणि बाहेरच्यावर दाब नसल्याने त्याच्या छोट्या भोकातून गॅस जोराने निघत नाही. काळजी वाटते ती अशी की बाहेरचा बलून दर वेळी सैल-ताठ, सैल-ताठ होणार, म्हणजे आपण घडीचा त्रास प्रवासापुरता होता तो रोजचा करून घेतला. पंप हा एक हलणारा भाग वाढला तो वेगळाच. तरी दोन्ही पारड्यांत घालून बघितलं तर मी याच्याच बाजूने मत देईन.

आपली इस्रोची शुक्र मोहीम सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, ती कक्षेत फिरणाऱ्या यानाची आहे. त्यानंतर कधीतरी भारताने बलून पाठवायचं म्हटलं तर फिल्म आणि शिवणीचं ज्ञान आपल्याकडे सत्तर वर्षांचं आहे, भाभांच्या काळापासून.

तुझ्या प्रोजेक्टबद्दल. टेफ्लॉनची सपाट पट्टी ॲसिडमध्ये बुडवून तीस दिवसांनी ताकद मोजायची असं तू लिहिलंयस. ते करू नकोस, उत्तर आधीच माहीत आहे, काही होणार नाही आणि महिना वाया जाईल. त्याऐवजी लॅमिनेटच्या दोन पट्ट्या जोडून शिवण तयार कर, ती निम्म्या नमुन्यांत नीट आणि निम्म्यांत एका बाजूची कड मुद्दाम दोन मिलिमीटर सुटी ठेव. सगळे नमुने आधी शंभर वेळा चुरगाळ, मोजून, एकाच माणसाने, एकाच पद्धतीने. मग त्यांना वजन टांगून ताणाखाली ठेव आणि ताणाखाली असतानाच ॲसिडच्या वाफेत आणि थेंबांत राहू दे, ७५ अंशांवर, सरांच्या देखरेखीखाली आणि फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), ८५ टक्क्यांचं सल्फ्युरिक ॲसिड हा खेळ नाही. दर तीन दिवसांनी एक नमुना काढून शिवणीच्या कडेपासून आत किती मिलिमीटर रंग बदललाय ते मोज. आणि काही नमुने काहीच न करता नुसते घडी घालून, दाबाखाली, सात महिने कपाटात ठेव. प्रोजेक्ट तोवर संपलेला असेल, पण ते नमुने तुझ्या ज्युनिअरकडे दे आणि घडी न बदलता ठेवायला सांग.